मधल्या चकत्या

पातं माझं नाही.
पातं घिसाड्याचं, ते श्रेय त्याच्या भात्याला.
मी पात्याच्या शेपटीपासून पुढं,
माणूस धरतो तिथून.

किनवटला रेल्वे फाटकाच्या अलीकडं,
भुश्शात बुडालेलं माझं दुकान.
कुऱ्हाडीला धावडा, विळ्याला बाभूळ,
तिवस मिळाला तर तो दिवस सणाचा,
शिसव गिऱ्हाईक शहरातलं असेल तरच.

अनुसया आत्राम आल्या त्या वर्दीवर.
वनरक्षक. रिटायर व्हायला आठ महिने.
पिशवीतून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून सुरी:
वीतभर पातं, धार अजून जागी,
आणि सांबरशिंगाची मूठ, उभी चिरलेली.

"बापाची हाय. साहेबलोकांच्या शिकारीत हाकारा घालायचा.
बहात्तरला बंद झालं. तवापून ही आढ्याला."

असंच शिंग बसवू का, हे मी विचारलं नाही.
माझ्या बापानं ठेवलेला एक तुकडा
सरसाच्या डब्यामागं आहे, फडक्यात.
वर्दीकडं बघितलं
आणि ते फडकं जास्तच आठवायला लागलं.

मूठ तापवली. लाख सुटली,
राळ आणि विटेची पूड; तो वास आता कुठं येत नाही.
शिंगाच्या दोन फाका झाल्या.
मग चकत्या, पात्याच्या गळ्यापासून एकेक:
पितळेची, काडतुसाच्या बुडाची, कडेला अर्धा आकडा.
काळी, तबकडीतून कापलेली,
गाण्याच्या रेघा नखाला लागतात.
लाल, बहुतेक कंगव्याची.
आणि एक चामड्याची, जाड, तेलकट,
तिच्यात बकलाचं भोक.

लोक म्हणतात, चकत्या शोभेला.
लाकूड पावसात फुगतं, शिंग वैशाखात आकसतं,
लोखंड बसतं हट्टानं आपल्या जागी.
मधी दबून घेणारं काही नसलं
की मूठ आधी कुरकुरते, मग फुटते.
शोभाही होते. होऊ दे.

चामड्यावर त्यांनी अंगठा ठेवला.
"हे भुऱ्याचं."
"कोण भुऱ्या?"
"कुत्रं आमचं. बिबट्यानं नेलं, पट्टा तेवढा घावला.
बाप म्हणला, पुरला पट्टा.
जागा पण दावली मला, मोहाखाली.
मी तिथं पाणी घालायची, दोन वर्सं."
"लबाड," असं म्हणाल्या, हसल्या,
आणि चष्मा बराच वेळ पुसत राहिल्या.

साग सुचवला. मान हलवली त्यांनी.
"जलमभर साग राखला. हातात नको आता."
दुसऱ्या दिवशी जुनी खाकी आणून टाकली,
दोन पँटी, एक शर्ट, कोपर विरलेलं.
पट्ट्या कापल्या, रेझिनमध्ये भिजवल्या,
थरावर थर, अडतीस,
आणि तीन दिवस शिकंज्यात आवळून ठेवल्या.
कानस लावली तशा आतून रेघा उठल्या,
उतारावरच्या नांगरटीसारख्या.
एका जागी खिशाची शिवण आली.
ती घासून काढता आली असती.

पितळ, काळी, लाल, परत आपल्या जागी.
चामड्याला एरंडेल पाजलं,
भोक वरच्या अंगाला घेतलं, अंगठ्याला सापडेल असं.

"आता कशाला लागती सुरी?"
"वाघरं कापायला.
नायलॉनची लावायलेत आजकाल.
बापाचं पातं लोण्यावानी चालतं त्याच्यात."

पैसे मोजून दिले, दहाची नोटसुद्धा सोडली नाही.
उंबऱ्यात थांबल्या, सरसाच्या डब्याकडं बघितलं.
"फडकं बदलत जावा मिस्त्री.
वाळवी लागती."

रात्री शटर ओढून गाठ सोडली.
शिंग कोरडं, वजनदार, बापाच्या खुणेसकट.
वाळवी नव्हती.
फडकं धुवायला टाकलं.
शिंग तसंच उघडं, फळीवर,
दार उघडलं की दिसेल तिथं.