रातपाळीचं सोंग

मंडळाच्या पोरांनी भिंतीवर कागद डकवला:
कोजागरीला रात्री नऊला सायकलींची सोंगं,
कन्ना चौकातून निघणार, तळ्याकाठी दूध.
वयाची अट नाही.
ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

सायकल माझी एकोणऐंशी सालची,
हँडल जरा डावीकडं ओढतं,
माझ्या गुडघ्यासारखं.
तिला काय करायचं?
इरप्पानं आपलीचा जिराफ केलाय, मान पीव्हीसी पाइपाची.
मुजीबचं रॉकेट.
नात म्हणाली, आजोबा, मोर करू, चादरीवर असतो तसला.
म्हटलं, मोर जन्मभर विणले गं,
मोर नको.

माळ्यावरून धोटा काढला,
टोकाचं पितळ अजून बोटाला चावतं.
तो पुढच्या मडगार्डवर बांधला.
हँडलला बॉबिनींची माळ.
कॅरिअरला तीन पुडांचा डबा, रिकामा.
पिवळा बल्ब रिक्षातला, बॅटरीसकट उसना.
मागच्या चाकात, तारांच्या मधे,
दोन पत्ते अडकवले, इस्पिकचा गुलाम आणि चौकट सत्ती.
पायडल मारलं,
खटक् खटक् खटक् खटक्,
आणि दहा बाय बाराच्या खोलीत अख्खी शेड उभी राहिली.
भूदेवीच्या बोटांत बिडी
अर्धी वळून थांबली.

मग मी.
खाकी हाफ पँटीचं वरचं बटण लागेना, पट्ट्यानं भागवलं.
जुना बाह्यांचा बनियन.
गादीवाल्याकडून वाटीभर रुई आणलेली,
ती पिंजून, खोबरेल तेलाच्या बोटानं
भुवयांना लावली,
कानांच्या पाळ्यांना,
छातीवरच्या केसांना.
भूदेवी म्हणाली, एंदय्या,
लोक सोंग घेतात वेगळं दिसायला.
तुम्ही तेच अंगावर चढवताय
जे मी अठ्ठावीस वर्षं मोरीत झटकत होते.

चौकात दोन पऱ्या, एक राक्षस,
आणि शेंगाचटणीचं एक माणसाएवढं पाकीट
ज्याला डोळ्यांची भोकं पाडायची राहिली होती,
म्हणून त्याचा भाऊ हँडल धरून चालत होता.
ड्रॉइंगचे मास्तर वही घेऊन फिरत होते.
"काका, तुम्ही कोण?"
रातपाळी, म्हटलं.
"म्हणजे कामगार?"
कामगार नव्हे. रातपाळी.
वहीत काय लिहिलं देव जाणे.

दाजी पेठेत बँजोवाले पाणी प्यायला थांबले,
तेव्हा माझं चाक ऐकू आलं.
बोळाच्या तोंडाशी ओट्यावर एक म्हातारा,
चादर कपाळापर्यंत.
त्यानं तोंड बाहेर काढलं, डोळे मिटलेलेच.
"सुटली का बे?"
मी पाय टेकला.
एवढं सोपं विचारलं त्यानं, आणि मला सुचेना.
"न्हाई," म्हटलं, "आत्ताच लागली."
"मग थांबलास कशाला? गैरहजरी मांडतील."
आणि पुन्हा चादर.

बक्षीस जिराफाला,
केबलच्या वायरीत त्याची मान मोडली होती तरी.
मला पेलाभर दूध. त्यात भुवईतली रुई पडली,
ती न काढताच प्यालो, सवयीनं.
परत येताना सत्ती कुठंतरी उडून गेली,
एकट्या गुलामाचा आवाज, एक सोडून एक,
शेजारचा माग बंद पडल्यावर शेड लंगडते तसा.

मग झोपलो.
सकाळी नळ येऊन गेला असेल,
नात शाळेला गेली असेल.
त्या दिवशी खलबत्ता वाजला नाही,
कुकरची शिट्टी झाली नाही.
बारा वाजून गेल्यावर दारात कुणीतरी विचारत होतं,
काकांना मिळालं का काही?
आणि भूदेवी, दार अर्धं लोटून घेत,
त्या जुन्या दबक्या आवाजात:
संध्याकाळी या.
रातपाळी करून आलेत.