स्पिटफायरसाठी स्थळं बघताना

नोव्हेंबरात क्लच दाबला
तर पुढची पुली चक्क पुढे सरकली, पाव इंच.
ऑब्री म्हणाला, आतले वॉशर गळून पडलेत, पोरी,
क्रँकनं ब्लॉक खाल्लाय.
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस. कॅन्लीच्या कारखान्यात
याच गाड्यांना दारं बसवायचा.
आता कॉव्हेंट्रीच्या मागच्या गल्लीत
माझ्या गॅरेजच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून
थर्मासमधला चहा पितो
आणि मी चुकायची वाट बघतो.

गाडी एकोणऐंशीची. रंग मोहरीचा, जिथं उरलाय तिथं.
बॉनेट अख्खं पुढे उलटतं, मगरीनं आ वासावा तसं,
मग टायरवर बसून काम करायचं, चुलीपुढं बसल्यासारखं.
फक्त आत जाळ नाही.
चार माउंट, लोंबत्या वायरी,
आणि जुन्या तेलाचा वास, जो स्वेटरमधून निघत नाही.

हिवाळाभर स्थळं बघितली.
रोव्हरचा व्ही-एट. घराणं मोठं, आवाज खर्जातला,
पण मागचा डिफरन्शियल म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट,
पहिल्याच सिग्नलला संसार मोडेल.
फोर्डचा झेटेक स्वस्त, मिळतो कुठंही.
उंचीत मार खातो. बॉनेट मिटत नाही.
वर भोक पाडून टोपी घाला, म्हणे विकणारा.
टोपी घालणं म्हणजे काय
ते आमच्या भाषेला चांगलं ठाऊक आहे.
मग ननीटनच्या भंगारातली लीफची मोटर.
अबोल. धूर नाही, तेल नाही, मागणं नाही,
छत्तीसच्या छत्तीस गुण,
आणि बॅटऱ्यांसाठी डिकी आंदण.
इरावती म्हणाली, हेच कर आई,
मग मी तरी बसेन तुझ्या गाडीत.
माझदा, अठराशे, गंजून मेलेल्या गाडीतला,
गिअरबॉक्ससकट, मधला दलाल हसरा.
आणि शेवटी जुनाच.
तोच ब्लॉक, वेल्डिंग करून, नवे पिस्टन घालून.

इथं हात थांबला.
उद्यमनगरात बाबांचं बोअरिंगचं दुकान होतं.
ट्रॅक्टर, रिक्षा, गुऱ्हाळाची इंजिनं.
डोळे मिटून सिलिंडरच्या आत बोट फिरवायचे
आणि सांगायचे, वीस थाऊ.
मायक्रोमीटर नंतर यायचा, हो म्हणायला.
'नवं घ्या' हे त्यांच्या तोंडून
एकाही गिऱ्हाइकानं ऐकलं नसेल.
मीही बोट घातलं, डोळे मिटले.
काही कळलं नाही.
गार होतं, एवढंच.

ऑब्रीला विचारलं. वाटलं, आता प्रवचन,
मूळचं ते मूळचं वगैरे.
तो म्हणाला, शुक्रवारी दुपारी
आम्ही दारं गुडघ्यानं रेटून बसवायचो.
वॉशर तेव्हाही गळायचे.
तुला जायचंय कुठं, ते सांग आधी.

पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.
अॅबरिस्टविथला, म्हटलं. रात्रपाळी उतरून, तशीच,
छत उघडं टाकून समुद्रापर्यंत,
आणि त्याच दिवशी परत.
कुणी ढकलायला न येता.

मग माझदा, तो म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण झटकलं.

शनिवारी बोगद्यावरचं झाकण काढलं.
पुठ्ठ्याचं निघालं.
आतल्या बाजूला पेन्सिलनं: विल्फ, दोन पौंड.
ऑब्रीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.
विल्फ दोन होते, म्हणाला,
एक रंगखात्यात, एक माझ्या शेजारी.
पुढं काही बोलला नाही.
खुर्ची मिटून लवकर घरी गेला.

जुना ब्लॉक बाकाखाली सरकवून ठेवलाय.
पुठ्ठा कापताना
तेवढी ओळ सोडून कापला.
गिअरबॉक्स तिथं अर्धा इंच अडतोय.
बघू.