मुंगी चावल्यासारखं

एकोणीस वर्षं हे वाक्य वापरतेय.
सहकारनगरच्या लॅबमध्ये, सकाळी साडेसहाला,
उपाशीपोटी आलेल्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून:
मूठ आवळा, तिकडे बघा,
मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त.

मुंगी!
मालवणच्या समुद्रात, सात मीटर खाली,
खडकाच्या कपारीत पिवळ्या माशांचं बिऱ्हाड बघत होते,
तेव्हा जे दिसलंच नाही ते हाताला लागलं.
दिसणार कसं, ते जवळपास पाण्याचंच होतं,
पाण्यात विरघळायचं राहून गेलेलं.
मनगटापासून कोपरापर्यंत
कुणी उकळत्या तेलात बुडवलेली दोरी ओढली.
किंचाळायची सोय नसते तिथे.
दात रबरात रुतवायचे, श्वास सोडत राहायचं,
सावकाश वर यायचं.
टँकवर अकरा रविवार शिकवलेलं तेवढं आठवलं.

बोटीवर लवू मेतरने हात धरून ठेवला.
माझा दुसरा हात बाटलीकडे गेलेला बघून ओरडला,
"बाय, गोडा पाणी नको! चोळू तर अजिबात नको."
कातडीला चिकटलेल्या धाग्यांत म्हणे अजून हजारो सुया भरलेल्या असतात,
न उडालेल्या.
गोडं पाणी लागलं की सुटतात.

मी पुण्याची.
आमच्याकडे जे दुखतं त्यावर आधी खडकवासल्याचं पाणी पडतं.
खरचटलं, भाजलं, उन्हातून आलं, कुणाशी भांडून आलं,
जा, आधी तोंड धुऊन ये.

त्याने समुद्राच्याच पाण्याने हात धुतला.
व्हिनेगर ओतलं, चायनीजच्या गाडीवर असतं तसल्या बाटलीतून,
फक्त आत मिरच्या नव्हत्या.
चिमट्याने एकेक धागा उचलला,
मग थर्मासमधलं पाणी, सोसेल तितकं कढत, चाळीस मिनिटं.
ओठ सुजले का, दम लागतो का,
दर पाच मिनिटांनी विचारायचा,
मधल्या वेळात मावशीच्या लग्नात पळालेल्या बोकडाची गोष्ट.
मी स्वतःची नाडी मोजत बसले. सवय.

स्वारगेटला पहाटे उतरले तेव्हा हातावर
लाल मणी ओवल्यासारख्या तीन ओळी.
वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चुना सुचवला.
जाऊ म्हणाली, या वयात बुड्या मारायला सांगितलं होतं कुणी?
डॉक्टर उकिडव्यांनी मलम लिहून दिलं. खाजवू नका म्हणाले.

नवव्या रात्री सगळं पुन्हा उठलं.
पंखा पाचवर, हातावर बर्फाची पिशवी,
खाली सातारा रस्त्याचे ट्रक,
मध्ये अख्खा सह्याद्री,
आणि तरी कातडीखाली कुणीतरी भरती-ओहोटी पाळतंय.

मंगळवारी अन्वय आला.
सात वर्षांचा, डेंग्यू, प्लेटलेटसाठी चौथ्यांदा.
आईने मागून मिठीत जखडलेला.
मी हातमोजा चढवताना त्याला ओळी दिसल्या.
"हे कुणी केलं?"
"जेलीफिशने."
"मुंगी चावल्यासारखं वाटलं?"

वाक्य जिभेवर तयारच होतं.
"नाही रे. खूप दुखलं.
बोंबलले असते, पण तोंडात नळी होती."

तो हसला नाही. विचार केला.
"मग हे किती?"
"त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी. पण दुखेल.
पाच आकडे मोजेपर्यंत."
हात त्यानेच पुढे केला,
आणि मोजलं, तीनाशी जरा अडखळून.

आता महिना झाला. ओळी तपकिरी पडल्यात,
बशीत सांडलेल्या चहाच्या डागासारख्या.
ड्रॉवरमध्ये स्पिरीटशेजारी व्हिनेगरची बाटली ठेवलीय.
सहकारनगरात कोण येणार आहे जेलीफिश लागून,
मलाही कळतं.

दुपारी लॅब बंद करताना
बेसिनशी उभी राहून कोपरापर्यंत हात धुते.
नळाला धरणाचं पाणी. गोडं.
थोडा वेळ तसाच धरते खाली.
काही सुटत नाही.