वीस तेत्री

आमच्या लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं लागतं.
वर जायचं तर.
खाली यायला फुकट.
हा नियम कुणी केला, कुणालाच ठाऊक नाही,
तळमजल्यावरच्या त्सियालालाही नाही,
आणि तिला तर कुणाच्या घरी किती अंडी उकडली
तेही ठाऊक असतं.

मी नवव्या मजल्यावर राहते.
आज हातात दोन पिशव्या, एकीत नुसते बटाटे,
काखेत शोती, होडीसारखी लांब,
भट्टीतून आत्ताच निघालेली, कोटातूनही चटका देणारी.
पर्समध्ये पन्नासचं एक नाणं, पाच लारीची नोट,
गोळ्यांची चिठ्ठी,
आणि कुणाच्या तरी लग्नातला साखर लावलेला बदाम.
वीस नाहीत.

तर आजची तक्रार एवढीच.
म्हणजे सकाळपासूनची धरली तर अजून आहेत:
आठव्यावरचा गुरामी तीन आठवडे एकच भिंत भोसकतोय,
आता तिच्यात भिंत अशी किती उरली असेल?
नळाला आधी खोकला येतो, मग पाणी.
राती फोनवर विचारतो, "देदा, जेवलीस का?"
आणि मी काय जेवले ते सांगेपर्यंत
तिकडे पोलंडमध्ये त्याची बस येते.

शाल्वाच्या खिशात कायम चिल्लर.
माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा.
पोस्टमनला दे, शाळेच्या पोरांना दे,
लिफ्टपाशी कुणी खिसे चाचपताना दिसलं
की हा पुढे.
अस्तरं फाटायची.
चाळीस वर्षं मी त्याचे खिसे शिवले
आणि चाळीस वर्षं बोलले,
बैलाच्या गळ्यातही याहून कमी वाजतं.
तो हसायचा, आणि हसतानाही वाजायचा.

फेब्रुवारीत
शवपेटी लिफ्टमध्ये मावेना.
उभी करू या का, असं कुणीतरी हळूच म्हणालं
आणि लगेच गप्प झालं.
दाराच्या चौकटीला ती तीनदा टेकवली, रिवाजाप्रमाणे,
मग सहा जण जिन्याने निघाले.
पुढे गुरामी. "सावकाश, डावीकडे, डावीकडे,"
जसा काही पियानो उतरवतोय.

आठव्याच्या वळणावर
पेटी जरा कलली
आणि आतून
छन्न.

काळा सूट मी काढून दिला होता.
इस्त्री मी केली होती. बटण मी लावलं होतं.
खिसे बघितले नव्हते.

सातव्याच्या वळणावर पुन्हा.
सहाव्याच्या.
सगळ्यांना ऐकू येत होतं, सगळे पायऱ्यांकडे बघत होते.
मी मागून मोजत उतरले.
आवाजावरून सांगते, सात असतील. आठही असतील.

त्सियाला नंतर म्हणाली, बरंच झालं की,
वर जायला पैसे लागतातच.
मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.
चांगलं बोलली होती, म्हणूनच.

असो. आज मी जिन्याने निघाले.
चौथ्यावर पिशवीचा बंद तुटला.
एक बटाटा उड्या मारत गेला खाली,
खाली जायला काय, फुकट.
त्याला आणायला मी गेले नाही.

सहाव्याच्या पायरीवर बसले आहे.
वर गुरामीचं ड्रिल. छतातून पांढरी भुकटी पडतेय, जराशी.
शोती मांडीवर.
हिची दोन्ही टोकं शाल्वाची असायची.
भट्टीपासून घरापर्यंत येताना तो ती खाऊन टाकायचा,
आणि बोडकी शोती टेबलावर ठेवून म्हणायचा,
वाटेत उंदीर भेटला.
यावरूनही मी भांडले आहे.
पाहुण्यांसमोरसुद्धा.

आता शोती टोकांसकट घरी पोचते.
दुसऱ्या दिवशी टोकं आधी वाळतात,
इतकी, की सुरीही लागत नाही.