वर्ख

शनिवारी आम्ही ब्रह्मदेशात जातो.
घरापासून अकरा मिनिटं, दोन सिग्नल,
टायरच्या दुकानाला वळसा.
फोर्ट वेनच्या दक्षिण टोकाला
बंद पडलेल्या पिझ्झावाल्याच्या जागेत
एका मोन बाईचं दुकान आहे.
पहिल्या दिवशी शालनने तिला नाव विचारलं.
ती म्हणाली, मी चान.
शालन हरखून म्हणाली, मीपण!

दार ढकललं की जवळ्याचा वास.
चाळीस वर्षं इंडियानात काढली,
रत्नागिरीचं बंदर इतक्या जवळ कधी आलं नव्हतं.
शालन लाफेची पाकिटं दाबून पाहते,
आंबवलेला चहा, खायचा, प्यायचा नाही.
थनाखाचं खोड हुंगते
आणि दर वेळी सांगते, चंदन नाही हं,
जसं काही मी विचारलं होतं.

खऱ्या ब्रह्मदेशात एकदाच गेलो,
निवृत्तीच्या पैशातून, अठरा दिवस.
लहानपणी थिबाच्या राजवाड्याजवळच्या उतारावर
मी सायकल सोडायचो, ब्रेक न लावता.
तो राजा जिथून आणला ते गाव बघायचं,
एवढंच माझ्या डोक्यात.
तिच्याकडे यादी होती.

बगानला एका म्हाताऱ्याने डबा दाखवला.
बांबूची कामटी, घोड्याचा केस,
वर झाडाच्या काळ्या चिकाचा एक हात,
मग तळघरात वाळवण.
पुन्हा हात. असे सोळा.
घाई केली तर? शालनने विचारलं.
त्याने दोन बोटांत डबा चेपला,
काठाला काठ टेकला,
सोडला, पुन्हा गोल.
घाईचा मोडतो, म्हणाला.
तिने माझ्याकडे पाहिलं.

मंडालेत सोनं कुटणारे. उघड्या पाठी,
आणि पाण्यात हळूहळू बुडणारी करवंटी
हेच त्यांचं घड्याळ.
आमच्या लग्नातलं घटिकापात्र, शालन म्हणाली,
तेव्हाही तू उशिरा आलास.
सोनं इतकं पातळ की
बोललं तरी उडेल.
चार वर्ख घेऊन देवळात गेलो.
आत पाटी होती:
बायकांना पुढे प्रवेश नाही.

मी गेलो. पुढे. एकटा.
सोन्याच्या थरांनी मूर्तीचं अंग
सुजल्यासारखं झालं होतं.
दंडावर वर्ख ठेवला, अंगठ्याने दाबला.
आणि बाहेर चटईवर बसून
शालनने ते टीव्हीच्या पडद्यावर पाहिलं.
वाकडा लावलास, म्हणाली.
मग इन्ले तळ्यापर्यंत गप्प.
तिथे एक पोर कमळाचा देठ मोडून
आतलं सूत ओढत बसली होती,
कोळ्याला लाजवेल असं.
शालन तिच्याशी तासभर बोलली.
मराठीत.

परवा कोजागिरी. त्यांचीही पौर्णिमा तीच, दिव्यांची.
मी चान आम्हाला विहारात घेऊन गेली.
मक्याच्या शेताकडेचं जुनं घर,
गॅरेजमध्ये नवी मूर्ती, सिमेंटचा वास अजून गेला नव्हता.
बाप्ये, बाया, हॉकीचे शर्ट घातलेली पोरं,
सगळ्यांच्या हातात वर्ख.
शालनलाही कुणी दिला.
ती रांगेत उभी राहिली.
नंबर आला
आणि मागच्या मुलीला पुढे सरकवून
ती बाहेर आली, चपला शोधू लागली.

गाडीत मी काही विचारलं नाही.
टायरच्या दुकानापाशी लाल दिवा लागला.
तिने पर्स उघडली,
किराण्याच्या पावत्यांतून तो कागद काढला
आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर,
मार्चमध्ये बदललेल्या,
पँटवरूनच,
वर्ख ठेवला, अंगठ्याने दाबला.
बराच वेळ दाबून धरला.
दिवा हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवू लागला.
सरळ लागलाय का बघ, म्हणाली.

वाकडा होता.
मी गाडी पुढे घेतली.