'न'चा खण

साहेबांच्या पुस्तकाला सोळा पानं.
विषय : रोमचा पोपही चुकतो.
सहाव्या पानावर माझ्या केसमधला न संपला.

दुसरं काय होणार. साहेबांचं मराठी असं :
पोप राजा नव्हे, पोप देव नव्हे,
पेत्राची किल्ली कोणा एकाची नव्हे,
शास्त्रात नाही, इतिहासात नाही, कदापि नाही.
घ भरलेला, ठ भरलेला,
ढ च्या खणात तर कोळ्यानं संसार मांडलेला,
आणि न च्या खणात बोट घातलं तर
नुसती शिशाची धूळ.

सोलापूरचा एप्रिल. खिळेसुद्धा घामेजतात.
भिंतीपलीकडे पद्मसाळ्यांचे माग, खटक खटक,
त्यांना रोम म्हणजे कुठल्यातरी गावची पेठ.

कायतान यायचा संध्याकाळी,
रेल्वेच्या गोऱ्यांचा बबर्ची, गळ्यात मरियेचा बिल्ला.
उलटे खिळे वाचून दाखव म्हणायचा.
वाचले. वाटलं, चिडेल.
म्हणाला, याकोब, आमच्यात तर बिशपच दोन,
एक पोपाचा, एक पोर्तुगालच्या राजाचा.
थोरल्याचा बाप्तिस्मा एकाच्या पाद्र्याकडे, धाकटीचा दुसऱ्याच्या.
दोघंही म्हणतात, पलीकडचं पाणी कच्चं.
पोरं रडली मात्र सारखीच.

मग बिडी विझवत :
गेल्या पावसाळ्यात ठराव झाला म्हणे, पोप चुकत नाही.
पावसाळा सरता सरता शहर गेलं हातचं.
तुमच्या भुईकोटाचं बघ की.
किल्ला गेला की माणूस आवाज वाढवतो.

साहेबांना प्रूफ उद्या हवं.
दगडावर दुसरा फर्मा बांधलेला, शाळेसाठी, दहा आज्ञांचा.
खून करू नको. चोरी करू नको.
न, न, न. मुंबईहून आलेले, कोरे.
चिमट्यानं एकेक उपटला.
खू करू को. चोरी करू को.
म्हाताऱ्या मोशेचे दात पडल्यासारखं.

साहेबांनी प्रूफ वाचलं, चष्मा पुसला,
एकही चूक नाही, म्हणाले.
अकराव्या पानावर एक काना पडला होता.
मी तोंड उघडलं,
आणि साहेबांनी चष्मा डबीत ठेवला.

छपाई झाली. खिळे धुऊन परत पेरायला बसलो.
एक न दाबाखाली मोडला होता,
उरली होती नुसती उभी रेघ.
रॉकेल संपत आलेलं.
ती एक जागा कुठल्या आज्ञेत राहिली
ते कायतानलाही सांगितलं नाही.

शाळेत पोरांनी आज्ञा घडाघडा म्हटल्या.
जिथं न नव्हता तिथं तोंडानंच घातला.
तपासनीस खूश.
नरसव्वा तेवढी, साळ्याची,
मागच्या बाकावर थांबली होती
त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून.