एकतीस बिया

सकाळी सहाला माझी पाळी सुटते.
गोंयकाराला बोटीवर पानं खेळायची मुभा नाही, वाटायची आहे,
म्हणून रात्रभर मी वाटते
आणि पहिल्या फेरीने बेतीला येऊन
फिलोमेनच्या गच्चीवर खेळते.
इथे टोकन म्हणजे काजूच्या बिया. एक बी दहा रुपये.
पलीकडे मांडवीत बोटींचे दिवे अजून चालू,
ऊन पडलं तरी कुणाला बटण सापडलेलं नाही.

आज माझ्या हातात किलवरचा राजा, चौकटची नव्वी.
पहिली तीन पानं उघडली:
बदामचा राजा, इस्पिकची नव्वी, किलवरची तिर्री.
मधे बारा बिया. मी चार सरकवल्या.
इथे चुकलं तर चहा-पावाचे पैसे जातात, एवढंच.
रोहिदासने पानं टाकली. फिलोमेन आला.

चौथं पान, इस्पिकची सत्ती.
मधे वीस. मी चौदा लावल्या,
कारण दुसऱ्याला फुकट वाट बघू देऊ नये,
वाट बघण्याचंही भाडं असतं.
फिलोमेनने चौदा मोजून दिल्या,
अंगठ्याला फेरीच्या इंजिनाचं ग्रीस.

अठ्ठेचाळीस.
बाराचे अठ्ठेचाळीस कधी होतात, कळत नाही.
बोटीवर रोज बघते:
सुरतेचा कुणी शेठ पहिल्या पानांना
भाजी घेतल्यासारखी घासाघीस करतो,
आणि शेवटी, जिथे एकच आकडा
अख्ख्या रात्रीएवढा असतो,
तिथे मूठ भरून ढकलतो. मोजतही नाही.

पाचवं पान, चौकटची दुर्री. कुणाच्याच कामाची नाही.
ह्या पानाला रिव्हर म्हणतात.
नदीत नांगरलेल्या बोटीवर
हे मला एका मास्तरने अगदी गंभीर चेहऱ्याने शिकवलं होतं.

किती?

ज्याचं पान आलंच नाही, तो एक बीही देणार नाही.
ज्याच्याकडे तीन तिर्र्या आहेत, तो सगळं देईल
आणि वर माझंही घेऊन जाईल.
आकडा त्या दोघांसाठी नसतोच.
आकडा मधल्या माणसासाठी.
त्याच्याकडे एक राजा आहे आणि एक शंका.
शंका किती बियांची, तेवढंच ओळखायचं.

आवडूमावशी मालीमच्या जेटीवर विसवण उचलायची
आणि पणजीच्या बाजारात पाटीमागे बसून
गिऱ्हाइकाच्या चपला बघून भाव सांगायची.
कमी सांगितलास तर तो मासा हुंगतो, म्हणायची,
जास्त सांगितलास तर शेजारणीकडे वळतो.
आणि गोल आकडा कधीच नको.
पाचशे म्हटलंस की तोंडाला आलं ते बोललीस,
पाचशे वीस म्हटलंस की मोजून बोललीस.

चोवीस लावल्या तर फिलोमेन बोलता बोलता देईल,
आणि न मागितलेल्या बिया मला झोपू देणार नाहीत.
अठ्ठेचाळीस लावल्या तर तो विचार करेल.
फिलोमेनने विचार करायला नको आहे.

तीस मोजल्या.
मग वर आणखी एक ठेवली.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. बियांकडे बघत होता.
फेरीचा भोंगा झाला. रोहिदासने चहात पाव बुडवला, तो तुटला,
बोटं घालून त्याने तो शोधला.
"तीस कळतात गो," फिलोमेन म्हणाला. "वरची एक कित्याक?"
मी गप्प. चेहरा सांभाळायचाच तर मला पगार मिळतो.

त्याने ती एकतिसावी बी उचलली,
हुंगली,
होती तिथे ठेवली.
मग आपला राजा उताणा केला, शेजारी दश्शी,
आणि दोन्ही पानं माझ्याकडे सरकवली.

"तुझी मावशी," तो म्हणाला,
"माझ्या आईला वीस वर्षं बांगडे विकत होती."